आमच्या चिंगीच्या डॉक्टर मॅडमना

मॅडम, नमस्कार.

तुम्हाला समोरासमोर थँक्यू म्हणायला गेलं की तुम्ही "बरं बरं, पुढच्या आठवड्यात वजन करून सांगा" म्हणता आणि पुढच्या पेशंटला आत बोलावता, त्यामुळं मला बोलायचं असतं ते तसंच राहतं. म्हणून आता लिहूनच टाकते. आणि सगळ्यांना वाचता येईल असं उघड लिहितेय, कारण आपल्या सांगली-मिरजेत किडनीचा त्रास असलेली मांजरं सांभाळणारी माणसं कमी नाहीत, आणि तुम्ही मला जे शिकवलं ते त्यांच्यापर्यंतही पोचायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

आमची मांजर चिंगी घरात किती लाडाची आहे ते तुम्हाला माहितेय. गावभागातलं आमचं घर, २०१९ च्या महापुरात पाणी चढलं तेव्हा तिला धुण्याच्या बास्केटमध्ये घालून वरनं ओढणी बांधून बोटीतनं बाहेर काढलेली, तेव्हापासनं आई तिला "माझी नात" म्हणते ती आजपर्यंत. आता म्हातारी झालीय. पाणी जास्त प्यायला लागली, लघवी वाढली, पाठीचा कणा हाताला लागायला लागला, आणि मग तुम्ही रक्त काढलं तर क्रिएटिनिन, म्हणजे किडनीनं बाहेर टाकायची घाण रक्तात किती साठलीय ते सांगणारा आकडा, ३.४ आलं. तुम्ही तेव्हाच स्पष्ट सांगितलं की मांजराच्या किडनीचा साधारण ७५ टक्के भाग निकामी झाल्याशिवाय हा आकडा वाढत नाही, २.९ ते ५ म्हणजे तिसरी स्टेज, ही किडनी परत चांगली होणार नाही, पण ती आरामात जगेल एवढं आपल्या हातात आहे. कुणी "होईल सगळं ठीक" म्हणण्यापेक्षा हे ऐकून मला जास्त धीर आला.

पण मला खरे आभार मानायचेत ते मळमळीबद्दल.

उलट्या चालू होत्या तोपर्यंत आम्हा सगळ्यांचं लक्ष उलटीवर. पहाटे पांढरा फेस, कधी पिवळं पित्त, ते पुसायचं, मोजायचं, तुम्हाला फोटो पाठवायचा. मग तुमच्या इंजेक्शननं आणि मॅरोपिटंटच्या गोळीनं उलट्या थांबल्या आणि घरात सगळ्यांना वाटलं सुटलो. तरी ती खाईना. गल्लीतले लोक म्हणाले नखरे करतीय, म्हातारपणी असंच होतं, दोन दिवस उपाशी ठेवा आपोआप खाईल. तेव्हा तुम्ही मला म्हणालात, ती ताटलीपाशी येते तेव्हा नेमकं काय करते त्याचा व्हिडिओ काढा. मी काढला आणि तुम्ही तो थांबवत थांबवत मला दाखवला. ती लगबगीनं येते, म्हणजे भूक आहे. नाक खाली नेते, वास घेते, आणि लगेच जीभ ओठांवरनं फिरवते, एकदा, दोनदा, मग घोट गिळते, तोंडात काहीच नसताना. मग पुढच्या पंजानं ताटलीशेजारची फरशी खरवडते, शी झाकताना खरवडतात तशी, आणि पाठ फिरवून जाते. तुम्ही म्हणालात, "हे नखरे न्हवंत. एसटीत घाट लागल्यावर उलटी होत नाही पण समोर कुणी वडापाव धरला तर कसं होतंय, तसं तिला दिवसभर होतंय."

मॅडम, त्या एका वाक्यानं माझं सगळं बघणंच बदललं. उलटी थांबली म्हणजे त्रास थांबला असं नसतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. किडनीनं जी घाण बाहेर टाकायची ती रक्तात साठते, मेंदूत एक भाग असतो तो रक्तातल्या अशा विषारी गोष्टी ओळखतो आणि तिथनं मळमळ सुरू होते, पोटात काहीही बिघडलेलं नसलं तरी. म्हणून पोटाच्या औषधांनी भागत नाही. मॅरोपिटंटनं उलटी चांगली थांबते पण त्यानं भूक परत येईलच असं नाही, म्हणून तुम्ही मळमळीचं ऑनडॅनसेट्रॉन जोडलं, माणसांच्या मेडिकलमध्ये मिळतं तेच, पण मांजराच्या अंगातनं त्याचा असर लवकर जातो म्हणून दिवसातनं एकदा देऊन उपयोग नाही हेही समजावलंत. आणि मग मिर्टाझॅपिनचा अगदी छोटा तुकडा, तोही दिवसाआड, कारण किडनी कमजोर असली की ते औषध अंगातनं जायला वेळ लागतो आणि रोज दिलं तर मांजर रात्रभर ओरडत घरभर फिरतं. त्या गोळीनं भूक पण लागते आणि मळमळ पण कमी होते, हे किती लोकांना माहीत असेल? डोस मी इथं मुद्दाम लिहीत नाही, ते प्रत्येकानं आपल्या डॉक्टरलाच विचारायचं, वजनावर आणि रिपोर्टवर असतं ते.

अॅसिडिटीची गोळी मागितली तेव्हा तुम्ही सरळ नाही म्हणालात तेही मला फार आवडलं. माणसांना किडनीच्या आजारात पोटात अल्सर होतात म्हणून मांजरांनाही पूर्वी सर्रास ती गोळी द्यायचे, पण मांजरांच्या पोटात तसे अल्सर क्वचितच सापडतात, म्हणून कारण असल्याशिवाय द्यायची नाही असं तुमचं म्हणणं. एवढ्याशा जिवाच्या तोंडात रोज किती गोळ्या कोंबायच्या याचा विचार करणारा डॉक्टर मिळणं हे नशीबच म्हणायचं.

आणि तो शीचा विषय! चांगलं चालू असताना मधेच परत उलट्या सुरू झाल्या, मी घाबरून रडत फोन केला की किडनी गेली आता. तुमचा आवाज धापा टाकत आलेला, "म्हैस अडलीय ओ, हात आत हाय माझा, अर्ध्या तासात करते." आणि खरंच केलात. पहिला प्रश्न काय तर, उलटी कुठं झाली, ताटलीजवळ का शीच्या ट्रेजवळ? ट्रेजवळ. शी कधी केली? मग संध्याकाळी तुम्ही पोट दाबून बघितलं आणि माझी बोटं धरून मला पण दाखवलं, आतनं गोट्यांची माळ लागत होती हाताला. किडनी पाणी धरून ठेवत नाही, अंगातलं पाणी कमी पडलं की शरीर शीतनं पाणी ओढून घेतं, शी दगडासारखी होते, आणि मांजर कुंथायला लागलं की कुंथता कुंथता उलटी होते. म्हणजे उलटीचं औषध वाढवून काही झालंच नसतं. शी मऊ करणारं लॅक्टुलोजचं सिरप चालू केलं, सलाईनचं प्रमाण बदललं, दोन-तीन दिवसात बाई परत खिडकीत बसून चिमण्यांवर लक्ष ठेवायला लागल्या.

सलाईनचं तर मी काय लिहू. आईला आणि मला दोघींना सुईची भीती. तुम्ही आधी तिचं हार्ट तपासलं, कारण हार्ट कमजोर असेल तर हेच पाणी छातीत साठू शकतं, आणि मग घरी द्यायला शिकवलं. आरएलची, म्हणजे रिंगर लॅक्टेट सलाईनची, बाटली कोमट पाण्याच्या बादलीत ठेवायची, आपल्या मनगटावर थेंब टाकून बघायचा, खिडकीच्या गजाला अडकवायची, मांजराला मांडीत टॉवेलवर घ्यायचं, दोन खांद्यांच्या मधली कातडी चिमटीत उचलायची आणि सुई तिरकी. बारीक सुई बरी असं आपल्याला वाटतं पण बारीक सुईनं तिला उगीच ताटकळत बसावं लागतं, थोड्या जाड सुईनं पटकन उरकतं, हे तुम्ही सांगितलं म्हणून कळलं. पहिल्यांदा दिल्यावर तो पाण्याचा फुगा सरकत सरकत पुढच्या एका पायाकडं लोंबायला लागला आणि आई म्हणाली अगं हिला काय झालं हे, तर तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतं की असं होतं, हळूहळू जिरतं. आधी सांगितलेलं असलं ना की माणूस घाबरत नाही. प्रत्येक वेळी सुई नवीन घ्यायची, बाटलीवर उघडल्याची तारीख लिहायची, हे तुम्ही आईच्या वहीत स्वतः लिहून दिलंय. ते पान आई कुणाला हात लावू देत नाही.

जेवणाबद्दल तुमचं एक वाक्य मी आता भेटेल त्याला सांगते. मी किडनीचं स्पेशल फूड घेऊन आले होते, तुम्ही ते बाजूला ठेवायला लावलं. म्हणालात, मळमळत असताना जे तोंडापुढं येईल त्याचा तिला कायमचा वीट येणार, हे अन्न तिला पुढं वर्षानुवर्षं खायचंय, ते आत्ता तिच्या मनातनं उतरवू नका. आज ती जे खाईल ते द्या, काय खायला पाहिजे ते मळमळ थांबल्यावर बघू. कारण मांजर काही दिवस नुसतं उपाशी राहिलं तरी लिव्हरमध्ये चरबी साठून जिवावर बेतू शकतं, म्हणजे ते "उपाशी ठेवा, खाईल" किती वाईट सल्ला होता बघा. मग बिनमिठाचं उकडलेलं चिकन, हाताला जरासं कोमट लागेल एवढंच गरम, पसरट बशीत कारण खोल वाटीत वास कोंडतो, चमचाभर चमचाभर, आणि वीस मिनिटात नाही खाल्लं तर उचलून घ्यायचं, समोर ठेवून छळायचं नाही. रात्री झोपायच्या आधी एक घास म्हणजे पहाटे रिकाम्या पोटी पित्त होत नाही. या सगळ्यानं फरक पडला, खरंच पडला. किडनीचं फूड नंतर चिमटी चिमटीनं मिसळत नेलं आणि आता ती ते आवडीनं खाते, नाहीतर ती पिशवी आमच्याकडं तशीच पडून राहिली असती.

आपल्याकडं दूध म्हणजे सगळ्यावर औषध. घरोघरी म्हशी, त्यामुळं जो येईल तो म्हणणार मांजराला दूध द्या की, वाटीभर सायीसकट द्या. मोठ्या मांजरांपैकी बऱ्याच जणांना दूध पचतच नाही, जुलाब लागतात, आणि किडनीच्या मांजराला जुलाब म्हणजे आहे ते पाणीही गेलं, हे तुम्ही आमच्या शेजारच्या काकूंना इतक्या गोडीनं समजावलं की त्या आता दुसऱ्यांना सांगतात. सुकट पण तसंच, मीठ आणि फॉस्फरस दोन्ही नको. मटणाचा रस्सा तर नकोच नको, कांदा-लसूण मांजराला विषच. आणि अंग गरम लागतंय म्हणून कुणीतरी आपली तापाची गोळी अर्धी द्या म्हणालं होतं, त्यावर तुमचा चेहरा मी कधी विसरणार नाही. पॅरासिटामॉलचं विष मांजराच्या लिव्हरला उतरवताच येत नाही, रक्त ऑक्सिजन वाहायचं थांबतं आणि एका गोळीत मांजर जातं. वाचणाऱ्यांनी एवढं एक तरी लक्षात ठेवा हो, बाकी काही नाही ठेवलं तरी चालेल.

आमच्या भागात जनावरांचा डॉक्टर म्हटला की गाई-म्हशींचाच, आणि ते साहजिक आहे, घरं त्यांच्यावर चालतात. तुम्ही पण शिरवळच्या कॉलेजातनं शिकून आलात ते दुभत्या जनावरांसाठीच, दिवसभर गोठे फिरता. त्यातनं वेळ काढून तुम्ही एका म्हाताऱ्या मांजराचा ओठ चाटण्याचा व्हिडिओ तीनदा बघितला. "मांजरच तर आहे" हे वाक्य मी इतक्या जणांकडनं ऐकलंय, नातेवाइकांकडनं पण, आणि तुमच्या तोंडनं एकदाही नाही. ज्या दिवशी मी विचारलं की मी हे सगळं तिच्यासाठी करतेय का माझ्यासाठी, तेव्हा तुम्ही मला उपदेश नाही केलात, वहीत एक रकाना वाढवून दिलात. ती स्वतःहून ताटलीपाशी आली का, अंग चाटून साफ केलं का, उन्हात जाऊन बसली का. म्हणालात, हे तीन होतंय तोवर तिला जगायला आवडतंय, होईनासं झालं की आपण दोघी बसून बोलू. तो दिवस येणार हे मला माहितेय आणि तेव्हा तुम्ही असाल हेही माहितेय, म्हणून मी रात्री झोपू शकते.

आज सकाळी ती ताटलीपाशी आली, ओठ चाटले नाहीत, सरळ खाल्लं, मग खाऊन झाल्यावर ओठ चाटले, आणि ते चाटणं वेगळं असतं हे आता मला ओळखता येतं. हे ओळखायला तुम्ही शिकवलंत. मनापासून, अगदी मनापासून आभार, मॅडम.

आईनं तासगावचे बेदाणे काढून ठेवलेत तुमच्यासाठी, या वेळी नाही म्हणायचं नाही. फॉस्फरसचा नवीन रिपोर्ट आला की घेऊन येते, बाइंडर, म्हणजे फॉस्फरस बांधून ठेवायचं औषध, वाढवायचं का ते बघून सांगा, आणि वजन थोडं वाढलंय, वहीत लिहिलंय.

तुमची,
चिंगीची आई