विरलेला धूर आणि हवेचे अंदाज

महोदय,

थंडीत सकाळी आमच्या गल्लीत पालापाचोळा पेटवला जातो. तासाभरात धूर दिसेनासा होतो, पण गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांना दिवसभर त्याचा वास येत राहतो. दिसेनासा झालेला धूर संपलेला नसतो, हे हवेच्या प्रदूषणाचा अंदाज बांधणाऱ्या संगणकीय प्रारूपांच्या (गणिती नमुन्यांच्या) हिशेबातही उशिराच आले. पूर्वीची बहुतेक प्रारूपे धुरातले सेंद्रिय (कार्बनयुक्त) कण बाहेर पडले तसेच राहतात असे धरून चालत. प्रत्यक्षात धूर विरळ होताना त्यातला काही भाग वाफ होऊन उडतो, उन्हात त्या वाफेवर रासायनिक प्रक्रिया होते आणि तिच्यातून, कधी उगमापासून बरेच दूर, पुन्हा सूक्ष्म कण तयार होतात. यातले बरेचसे सूर्यप्रकाश परतवतात, तर पालापाचोळ्याच्या धुरातले तपकिरी कण तो काही प्रमाणात शोषून घेतात, त्यामुळे हवामानाचे गणित आणखी किचकट होते.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने २०१० मध्ये दिल्लीतील राष्ट्रकुल स्पर्धांसाठी ‘सफर’ ही हवेच्या गुणवत्तेची अंदाजप्रणाली उभारली. अशा अंदाजांची अचूकता उत्सर्जनाच्या, म्हणजे कुठून किती धूर बाहेर पडतो याच्या, नोंदींवर अवलंबून असते. वाहनांची नोंद परिवहन कार्यालयात सापडते, गल्लीतल्या जाळाची सहसा नाही. ती महापालिकेने निदान थंडीचे चार महिने प्रभागवार ठेवावी, ही विनंती.

– एक वाचक, पुणे