मंगळावरची लातूरची बाई

मा. संपादक साहेब, स.न.वि.वि.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत एका गुरुजींचं पत्र आलं होतं की हल्लीची पोरं फोनवर बसून खोट्या गोष्टी रचत बसतात अन त्यात त्यांचा वेळ जातो. वाचून राहवलं नाही. आम्ही चौघं, दोघं लातूरचे, एकजण नांदेडची अन मी वसमतचा, दीड वर्षापासून मिळून एक विज्ञानकथा लिहायलोत. साल २०५०, मंगळावर वस्ती. एकेकानं एकेक पात्र घ्यायचं, त्याचं बोलणं वागणं त्यानंच लिहायचं, दुसऱ्याच्या पात्राच्या तोंडी आपण शब्द घालायचे नाहीत. रोलप्ले म्हणतात याला. खोटं म्हणा, पण त्यात खरा माणूस उभा करायला किती मेहनत लागते ते सांगायचंय.

मी पहिल्यांदा कॅप्टन घेतला होता. विमान चालवणं येतं, ऑपरेशन येतं, पाच भाषा येतात, कशालाच घाबरत नाही. तीन आठवड्यात गोष्ट ठप्प झाली, कारण बाकीच्या तिघांच्या पात्रांना करायला कामच उरलं नाही, सगळं हाच करणार मग ते नुसते बघत उभे. एकट्याच्या कथेत असा हिरो एकवेळ चालून जाईल, चौघांच्या कथेत नाही चालत. इथं पात्राला काय येत नाही हे आधी ठरवावं लागतं, तिथूनच दुसऱ्याला आत यायला वाट मिळते.

नांदेडच्या मैत्रिणीचं पात्र बघा. वस्तीवरचं पाणी सांभाळणारी इंजिनीअर, माहेर लातूर. एप्रिल २०१६ मधे मिरजेहून पाण्याची रेल्वे आली तेव्हा ही आठ वर्षांची. आता मंगळावर सगळं पाणी गाळून पुन्हा प्यायचं, लघवी अन घामाचं सुद्धा (आपल्या डोक्यावर फिरणाऱ्या अंतराळ स्थानकात हे चालूच आहे, २०२३ मधे तिथं ९८ टक्के पाणी परत मिळवून दाखवलंय), बाकीचे नाक मुरडतात, ही गपचूप पिते. कुणी ग्लासात दोन घोट ठेवून उठलं की ही काही बोलत नाही, तो ग्लास उचलते अन कुंडीत रिकामा करते. दुष्काळावर एक ओळ भाषण नाही, तरी लातूरच्या माणसाला ती बाई लगेच ओळखू येते.

मंगळाचं शास्त्र पण माणूस घडवतं. तिथून इथं आवाज यायला अंतराप्रमाणं ३ ते २२ मिनिटं लागतात, म्हणजे फोनवर हॅलो हॅलो नाहीच. सुरुवातीला आम्ही हे विसरून इंजिनीअरबाईचं औशाच्या मावशीशी धडाधड बोलणं लिहिलं होतं, मग खोडलं. आता मावशी रेकॉर्ड करून पाठवते. "जेवलीस का?" असं विचारते अन सवयीनं थांबते, उत्तराची वाट बघते, मग एकटीच "बरं बरं" म्हणून पुढं बोलायला लागते. ती थांबलेली चार सेकंद मला दीड वर्षातलं सगळ्यात चांगलं लेखन वाटतं.

दुसरं एक पात्र किल्लारीकडच्या माणसाचं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे त्याचा बाप ढिगाऱ्यातून निघालेला, याचा जन्म नंतरचा. आधी प्रत्येक वेळी तो भूकंपाचंच बोलायचा, ते आम्हाला पटेना, अशी माणसं आम्ही जवळून बघितलीत, ती उठसूट बोलत नाहीत हो. मग एवढंच ठेवलं की तो कायम दाराजवळ झोपतो, कारण घरात बाप तसाच झोपायचा. तरुणपणी यानं आमच्या औंढ्याच्या लायगोत, म्हणजे गुरुत्वलहरी टिपणाऱ्या प्रयोगशाळेत, काम केलेलं. तिथल्या चार चार किलोमीटरच्या नळ्या अवकाशातनं येणारी बारीक थरथर टिपणार, पण जमीन हलली तर ती पण आधी टिपणार, अन जमीन हलली की हा बाकीच्यांच्या आधी खुर्चीवरून उठलेला असायचा. हे लिहिणाऱ्या मित्राला आम्ही कुणी सुचवलं नव्हतं, त्या दारावरून त्यालाच सुचलं.

तर साहेब, विनंती एवढीच की रविवारच्या पुरवणीत अर्धा कॉलम अशा मिळून लिहायच्या गोष्टीला द्या. पहिले दोन भाग आम्ही पाठवतो. तिसऱ्या भागात वस्तीवरचा पाण्याचा पंप बंद पडलाय, इंजिनीअरबाईला गाळणीचं सगळं कळतं पण मोटर उघडता येत नाही, अन मोटर उघडणारं पात्र आमच्यात कुणीच घेतलेलं नाही. ती जागा तुमच्या वाचकांसाठी मोकळी ठेवलीय, त्या गुरुजींनी घेतली तरी आम्हाला लई आनंद होईल.

आपला,
एक वाचक, वसमत (जि. हिंगोली)