पुल मार, पण उधारीवर नको

प्रिय मनू,

व्हॉट्सॅपवर तू वाचून गप्प बसतेस आणि फोन आईने लावला तरच उचलतेस, म्हणून मेल करतोय. सवडीने वाच, ऑफिसात वाचू नको. गौरी-गणपतीला तुझ्या गेमवरच्या खर्चावरनं जे झालं ते परत उकरायचं नाही असं ठरवूनच बसलोय. पण जाताना तू जे बोललीस ना, बाबा तुम्हाला गेममधलं काय कळतं, तुमचा काळ वेगळा होता, ते काही डोक्यातून जात नाही.

काळ वेगळा होता हे खरंय. राजवाड्याच्या मागं व्हिडिओ गेमचं पार्लर होतं, रुपयाला एक कॉइन, आणि मशीनवर मुस्तफा. गेमचं खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स, कॅपकॉमची, १९९३ ची, पण आमच्यात कुणी ते नाव घेतलं नाही, सगळे मुस्तफाच म्हणायचे. सुरुवातीला कॉइन दोन मिनिटात संपायचं. मग मोठी पोरं खेळताना मागं उभं राहून बघायचं, कुठल्या बॉसला कुठनं मारायचं, कुठला ड्रम फोडला की काय निघतं, सगळं पाठ करायचं, आणि वर्षभराने मी एका कॉइनवर शेवटपर्यंत जायला लागलो. पार्लरवाला वैतागायचा, मागं लाईन लागलेली असायची. ती मशीन पण पैसे खायलाच बनवलेली, मान्य आहे. पण हात बसला की खिसा वाचायचा. तुझ्या गेममध्ये हात कितीही बसला तरी पुल, म्हणजे नशिबावर कॅरेक्टर काढायची एक खेप, स्वस्त होत नाही. त्या रात्री मला एवढंच म्हणायचं होतं, आवाज चढला आणि ते राहूनच गेलं.

आकडे तूच मला दाखवलेस, गेममध्येच लिहिलेत. पाच स्टार, म्हणजे सगळ्यात दुर्मिळ कॅरेक्टरचा चान्स एका पुलाला ०.६ टक्के. म्हणजे पहिले दहा पुल एकदम मारले तर शंभरातल्या चौऱ्याण्णव वेळा पाच स्टार निघतच नाही. नव्वदाव्याला पक्कं मिळतं, पण ते तुला हवं तेच असेल याचा चान्स अर्धा, नाहीतर अजून नव्वद. आणि रुपयाचे क्रिस्टल, क्रिस्टलचे जेम, जेमचे पुल, मधे एवढ्या पायऱ्या की एका पुलाला किती रुपये गेले ते तुला पण पटकन सांगता आलं नाही, आणि तू ती पोरगी आहेस जी भाजीवाल्याचा हिशोब तोंडी सुधारायची.

तू म्हणालीस की ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा केला, पैसे लावून पैसे जिंकायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आली, माझी गेम त्यात येतच नाही, ईस्पोर्ट्सला तर मान्यता दिलीय. बरोबर आहे तुझं, मी वाचलं. तुझ्या गेममधून पैसे बाहेर येतच नाहीत, नुसते आत जातात, मग ती त्यात कशी येणार. बेल्जियमने २०१८ मध्ये असल्या विकतच्या लूट बॉक्सला, म्हणजे आत काय निघेल ते आधी न कळणाऱ्या पेटीला, जुगारात धरलं, आपल्याकडे तसं काही नाही. ते जाऊ दे, कायद्याचं मला भांडायचंच नाही. माझा जीव अडकलाय तो पे लेटरमध्ये, त्या आज घे नंतर भर वाल्या उधारीत.

तुझ्या जुन्या खात्याला अजून माझाच नंबर आहे. लॅपटॉपच्या ईएमआयचा मेसेज मला यायचा, तो माहीत होता, त्याचं काही वाटलं नाही. जूनपासून पे लेटरचा यायला लागला, आणि दर महिन्याला आधीपेक्षा मोठा. आईला मी सांगितलेलं नाही.

नानांची उधारीची वही आत्याकडे आहे, तू बघितलीयस. नानांनी मोठं कर्ज असं कधी काढलंच नव्हतं गं. थोडं थोडं, पुढच्या महिन्यात बघू, असं करत गेलं. दुकानाचं शटर ओढलं त्या दिवशी पण ते म्हणत होते की एवढी काही रक्कम नाही. मी बारावीला होतो. पुढचं तुला माहितीय.

परत लेक्चर सुरू झालं, सॉरी. तुला पगार मिळतो, तो तुझा आहे, आणि गेमवर खर्च करू नको असं म्हणायला मी कोण. पहिल्या पगारात मला कंट्रोलर घेऊन आलीस तेव्हा दादाला मी तीन वेळा तो बॉक्स दाखवला. आणि लॉकडाऊनमध्ये आपण पुण्याच्या नॉडिंग हेड्स कंपनीची राजी ही गेम पूर्ण किमतीत घेतली होती, सेलची वाट बघितली नाही. किकस्टार्टरवर, लोकांकडनं पैसे गोळा करायच्या त्या साइटवर, त्यांचे पैसे जमले नव्हते तरी त्या लोकांनी गेम पूर्ण केली, २०२० ला काढली, अशांना पैसे द्यायला काही वाटत नाही. स्टारड्यू व्हॅली एका माणसाने वर्षानुवर्ष एकट्याने बसून बनवली, २०१६ ला एकदा पैसे दिले की आजपर्यंतचे सगळे अपडेट फुकट. स्टीम या ऑनलाइन गेमच्या दुकानातनं घेतलेली गेम आवडली नाही तर चौदा दिवसांच्या आत, दोन तासांपेक्षा कमी खेळली असशील तर पैसे परत. मारलेला पुल परत देता येतो का सांग.

तुला एक सांगायचं राहिलंय कधीचं. चिनूला पोरं डिफॉल्ट स्किन, म्हणजे गेममधला फुकटचा साधा ड्रेस, म्हणून बॉट बॉट चिडवत होती, तेव्हा तू तुझे सगळे महागाचे ड्रेस काढून डिफॉल्टमध्ये आठवडाभर त्याच्याबरोबर खेळलीस. आणि ते व्हॉइस चॅटवर तू मुलगी आहेस कळल्यावर एकजण घाणेरडं बोलला, आई म्हणत होती माईक बंद ठेव, तू बंद केला नाहीस, शांतपणे रिपोर्ट केलंस आणि टीमला शत्रू कुठं आहे ते कॉलआउट देत राहिलीस. मी दाराबाहेर उभा होतो. माझी पोरगी असं मला त्या दिवशी फार वाटलं. म्हणूनच कळत नाही की चिनूला ज्या मुलीने शिकवलं की स्किनने कुणी मोठं होत नाही, ती एका बॅनरसाठी, ठराविक दिवसच मिळणाऱ्या कॅरेक्टरसाठी, उधारी का करते. कुणी काही बोलतं का तिकडं ग्रुपमध्ये? रूमवर एकटं वाटतं का? मी विचारलं की चिडतेस, पण विचारतोय.

महिन्याला जे उडवायचं ते पगार आला की आधीच वेगळं काढ. किती ते तू ठरव. ते संपलं की बॅनर गेला तर जाऊ दे, रीरन येतात, तोच बॅनर परत लागतो, तूच सांगतेस. फक्त ते पे लेटर बंद कर. जे थकलंय ते मी भरतो, परत मागणार नाही, आणि तुलाच भरायचं असेल तर तू भर, पण आकडा सांग. मला नाही सांगायचा तर दादाला सांग. तो मला सांगणार नाही आणि मी त्याला विचारणार नाही.

दसऱ्याला येणार आहेस का ते आईला कळव, ती रोज विचारते.

बाबा

ता.क. येताना आधार कार्ड आण. बँकेत जाऊन त्या खात्याचा नंबर तुझा करून घेऊ.