राजा गेला, सचिव राहिला

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नेपाळात राजा परत आणा म्हणून मोर्चे निघाल्याच्या बातम्या आल्यापासून आमच्या बसस्टँडवरच्या टपरीवर एकच वाक्य ऐकू येतं. "राजाच बरा व्हता बाप्पा, या निवडून आलेल्यांनी काय दिवे लावले?" म्हणणारे बहुतेक कापसाच्या भावामुळे जगातल्या सगळ्याच सरकारांवर चिडलेले असतात, त्यांचं मी मनावर घेत नाही. पण परवा एका निवृत्त गुरुजींनीही मान डोलावली, म्हणून हे पत्र.

राजाने काय केलं ते आधी आठवा. १९५९ च्या पहिल्या निवडणुकीत नेपाळी काँग्रेसने १०९ पैकी ७४ जागा जिंकल्या, बी. पी. कोइराला पंतप्रधान झाले. दोन वर्षं पुरी व्हायच्या आत, १५ डिसेंबर १९६० रोजी राजा महेंद्रांनी संसद मोडली, कोइरालांना तुरुंगात टाकलं आणि पुढे पक्षांवर बंदी घातली. ती उठायला १९९० उजाडलं. मे २००२ मध्ये संसद पुन्हा बरखास्त झाली. सही राजा ज्ञानेंद्रांची, पण शिफारस मात्र पंतप्रधान शेरबहादुर देउबांचीच! माओवाद्यांच्या सशस्त्र बंडामुळे लावलेली आणीबाणी वाढवण्यावरून त्यांचं स्वतःच्याच पक्षाशी बिनसलं होतं. ऑक्टोबरात राजाने 'तुम्ही अकार्यक्षम' म्हणत त्यांनाही घरी पाठवलं. फेब्रुवारी २००५ मध्ये तर सगळी सत्ताच हातात घेतली आणि देशभरातले फोन बंद केले.

पक्ष तेव्हा रस्त्यावर उतरले, हे त्यांचं श्रेय. एप्रिल २००६ मध्ये सात पक्षांच्या हाकेवर १९ दिवस आंदोलन चाललं. काठमांडूत संचारबंदी, म्हणून लोक रिंगरोडवर जमत. गोळीबारात माणसं गेली. राजा म्हणाला, तुमचा पंतप्रधान सुचवा. पक्षांनी ऐकलं नाही, आधी मोडलेली संसद परत द्या म्हणाले. २४ एप्रिलच्या रात्री ती द्यावी लागली. २००८ मध्ये राजेशाहीच संपली.

इथवर सगळ्यांना ठाऊक असतं. पण त्याच २००२ च्या जुलैमध्ये नेपाळातल्या गावोगावच्या निवडून आलेल्या संस्थांचीही मुदत संपली, आणि ती देउबा सरकारने वाढवली नाही. संसद चार वर्षांत परत आली. गावाची निवडणूक झाली थेट २०१७ मध्ये! मधली नऊ वर्षं तर राजाही नव्हता, मोर्चे काढणारेच पक्ष सत्तेत आलटून-पालटून बसत होते.

आमच्या तालुक्याच्या बाजारात रात्री शिट्टी वाजवत फिरणारा गुरखा पश्चिम नेपाळातल्या अछामचा. पोराच्या नागरिकत्वाच्या कागदाला, निवडून आलेले गेल्यावर गावचा कारभार हाती आलेल्या सरकारी सचिवाची सिफारिस लागे, आणि सचिव माओवाद्यांच्या धाकाने जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन बसलेला. डोंगर उतरून जायचं, तर साहेब सुटीवर. "काठमांडूत कोण बसलंय ते रेडिओ सांगायचा, सचिव कुठं बसलाय ते कोणी सांगत नव्हतं," म्हणतो.

हे ऐकताना मला आमचीच कचेरी दिसली. यवतमाळ, अमरावती, वर्धा, बुलडाणा, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्हा परिषदांच्या सदस्यांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. पंचायतीची मुदत संपण्याआधी नवी निवडणूक झाली पाहिजे असं राज्यघटनेत लिहिलेलं आहे. आपल्याकडे ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेच्या खटल्यात प्रशासक बसले ते बसलेच. तीन वर्षं उलटल्यावर, मे २०२५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाला निवडणुका घ्या म्हणून बजवावं लागलं.

मी पंचायत समितीची माजी सदस्य. बाईला पुन्हा खुर्ची पाहिजे असं कोणी म्हणेल. म्हणो, पाहिजेच आहे. मासिक सभेत शाखा अभियंत्याला उभं करून 'पांदण रस्त्याचं अंदाजपत्रक कुठं आहे' असं विचारता यायचं. तो चुळबुळ करायचा, पण उत्तर इतिवृत्तात यायचं, आणि पुढच्या सभेत तेच पान उघडून त्याच्यासमोर ठेवता यायचं. आता त्याच रस्त्याचा अर्ज घेऊन गेलं की आवक शिक्का मिळतो, माणूस मिळत नाही. पावसात त्या पांदणीत बंडी आसापर्यंत रुतते. नदीकाठची वावरं असलेल्या बाया वेचलेला कापूस डोक्यावर गाठोडं घेऊन डांबरी सडकेपर्यंत आणतात. साहेब माणूस वाईट नाही, पण त्याची बदली होते, आणि मतं मागायला तो कधी आमच्या दारात येणार नसतो.

आमच्याकडे कोणी राजा नाही, फर्मान नाही, फोन बंद पडले नाहीत. म्हणूनच बहुधा कोणी ओरडलंही नाही. विधानसभा एक दिवस जरी अशी रिकामी ठेवली असती तर हेच पक्ष नागपूरच्या चौकात टायर जाळत बसले असते.

मागच्या महिन्यात एका पक्षाचे तालुकाध्यक्ष घरी आले होते. निवडणूक लागली की तुमच्या गणाचा विचार करू, म्हणाले. मी विचारलं, ती लागावी म्हणून तुम्ही काय केलं? चहा संपवून म्हणाले, "ताई, ते कोर्टात होतं ना."

— एक माजी पंचायत समिती सदस्य, जि. यवतमाळ