साहेब, डीपी लहान नाहीये, लोड एका अंगाला कललाय

मा. ऊर्जामंत्री साहेब, नमस्कार.

व्होल्टेज पडलं की खात्याचं उत्तर ठरलेलं, मोठी डीपी (म्हणजे गल्लीतला ट्रान्सफॉर्मर) टाकू. मग जागा, खोदकाम, केबल, फाईल, आणि तोवर लोक मिणमिणत्या दिव्यात.

मंजुरीआधी एकच करा, संध्याकाळी सातला क्लॅम्प मीटर, म्हणजे तारेला चिमटा लावून करंट मोजायचं यंत्र, घेऊन कोणाला तरी डीपीखाली उभं करा. समजा 100 केव्हीएची डीपी आहे, एका फेजला 140 अँपिअरच्या आसपास झेपतात. आणि आर, वाय, बी या तीन फेजचं रीडिंग आलं आर 145, वाय 62, बी 55. आरवाल्यांचा पंखा रखडतोय आणि तिन्हींची सरासरी काढली तर जेमतेम 87! वर न्यूट्रलमधून, म्हणजे परतीच्या तारेतूनही तेवढेच अँपिअर उगाच फिरतायत ते वेगळं.

आधी लाइनमनकडून चार कनेक्शनं दुसऱ्या फेजवर टाकून घ्या, जवळपास फुकटचं काम आहे. पण आता गाड्या चार्जिंगला लागतात, छतावर सोलर आहे, तासातासाला चित्र बदलतं, शिडी लावून किती वेळा चढणार? तिथे कन्व्हर्टर लागतो, सोलर इन्व्हर्टरचाच भाऊ म्हणा, वाय-बीमधून घेतो आणि आरला देतो, बॅटरीसुद्धा लागत नाही. वरच्या हिशोबाला 40 केव्हीएच्या आसपासचा पुरेल. फक्त तो लाइनच्या टोकाकडे बसवा, डीपीपाशी बसवला तर डीपी सुटेल पण केबल तापायची ती तापेलच.

शेजारच्या दोन डीपी, एक दिवसा भरलेली आणि दुसरी रात्री, अशा असतील तर मध्ये सॉफ्ट ओपन पॉइंट टाकता येतो, म्हणजे पाठीला पाठ लावलेले दोन कन्व्हर्टर. थेट जोडलं तर फॉल्ट करंट, म्हणजे शॉर्ट झाल्यावर धावणारा करंट, वाढतो, इथे सांगू तेवढीच वीज पलीकडे जाते. लंडन आणि ब्रायटनला याच्या चाचण्या झाल्यात.

जादू नाहीये ही. ट्रान्सफॉर्मर तासभर ओव्हरलोड सोसतो, कन्व्हर्टर सोसत नाही, सरळ ट्रिप होतो. त्याला थंड ठेवणारे पंखे बिघडतात, आतले कपॅसिटर म्हातारे होतात, स्वतःही थोडी वीज खातो. आणि तिन्ही फेज खरोखरच भरले असतील तर मोठी डीपीच टाका, वाद नाही. अजून एक, विक्रेते नुसत्या केव्हीएआरवर (रिअ‍ॅक्टिव्ह पॉवरवर, जी प्रत्यक्ष काम करत नाही) व्होल्टेज उचलून देतो म्हणतील, पण डीपीपासून घरापर्यंतच्या एलटी लाइनमध्ये रेझिस्टन्सच जास्त, त्यामुळे त्याचा जोर तिथे फारसा चालत नाही.

तेव्हा यापुढे मोठ्या डीपीच्या प्रत्येक प्रस्तावाला तिन्ही फेज आणि न्यूट्रलचं आठवडाभराचं रीडिंग जोडलेलं नसेल तर फाईल परत पाठवा साहेब.

आपला,
आर फेजवरचा एक ग्राहक