खेळ निवडण्याच्या आधीचे काम

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आरोग्यक्षेत्रातल्या वेगळ्या वाटांची चर्चा निघाली की रिक्रिएशनल थेरपीचे, म्हणजे खेळ, छंद, बागकाम यांच्या साहाय्याने करायच्या उपचाराचे, नाव हल्ली येते. पण ‘रुग्णांना हसवणारे, खेळवणारे लोक’ एवढ्यावरच ते आटोपते. ही समजूत घेऊन या क्षेत्रात आलेली मुले-मुली लवकर कंटाळली तर नवल नाही. हॉल सजवायचा, गाणी लावायची, फोटो काढायचे आणि हजेरीपटावर खुणा करायच्या, एवढेच काम असेल तर कुणीही पाट्याच टाकणार. या व्यवसायात समाधान भरपूर आहे. पण ते मूल्यमापनात, ध्येय लिहिण्यात आणि एखाद्या खेळाच्या कड्या सुट्या करून रुग्णाला झेपेल अशा पुन्हा जोडण्यात आहे. बाहेरून हा भाग दिसत नाही, म्हणून हे पत्र.

पहिल्या भेटीला ३० ते ४५ मिनिटे राखून ठेवावीत. ‘तुमचे छंद कोणते?’ हा प्रश्न विचारूच नये. आजारी माणूस ‘काही नाही’ म्हणतो आणि फॉर्मवर रेघ ओढली जाते. त्यापेक्षा आजारपणाआधी दिवसाचे काम संपल्यापासून झोपेपर्यंत काय चालायचे, कुणासोबत, आणि त्यातले सगळ्यात आधी काय सुटले, असे विचारावे. एखाद्याने चित्र काढणे हात थरथरतो म्हणून सोडलेले असते, एखाद्याने सोबत बसणारे माणूस गेले म्हणून. दोघांच्या कागदावर ‘चित्रकला’ हाच शब्द येतो, उपचार मात्र अगदी निराळे. बोलता बोलता डोळे उघडे ठेवावेत: आधाराशिवाय किती वेळ बसता येते, पकड कशी आहे, एका दमात किती सूचना लक्षात राहतात, कोणत्या बाजूने बोलले की मान वळते, चष्मा आणि कानाचे यंत्र जागेवर आहे का. शेवटची बाब किरकोळ वाटेल. पण ‘ग्रुपमध्ये रस घेत नाहीत’ असा शेरा मिळालेल्या आजोबांच्या यंत्राची बॅटरीच उतरलेली असते, असे पुष्कळदा घडते.

मग ध्येय. ‘मनोबल वाढवणे’ हे ध्येय नव्हे, कारण ते कधी पुरे झाले हे कुणालाच सांगता येत नाही. पक्षाघातानंतर डाव्या बाजूचे भान हरपलेल्या रुग्णासाठी ते असे लिहितात: ‘दोन आठवड्यांत, टेबलाशी बसून पत्ते खेळताना, २० मिनिटांत दोनपेक्षा जास्त वेळा आठवण करून न देता डावीकडच्या गड्डीतून पाने उचलतील.’ एवढे लिहिले की साहित्य आपोआप ठरते. मोठ्या आकड्यांची पाने. एका हाताने ती धरता येत नाहीत म्हणून खाच पाडलेली लाकडी पट्टी. टेबलाच्या डाव्या कडेला लाल चिकटपट्टी, म्हणजे ‘लाल दिसेपर्यंत बघा’ एवढी एकच सूचना पुरते. गड्डी सुरुवातीला मधोमध ठेवावी आणि दर एक-दोन सत्रांनी चार बोटे डावीकडे सरकवावी. इथे हमखास चुकते ती खुर्ची. रुग्ण उजवीकडून चटकन प्रतिसाद देतो, म्हणून थेरपिस्ट, नातेवाईक, झाडून सगळे उजवीकडेच बसतात. डाव रंगतो, हशा पिकतो आणि उपचार शून्य होतो.

पायरी वाढवताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी: वेळ, सूचना, माणसे किंवा साधन. कुंडीला पाणी घालणे म्हणजेसुद्धा भांडे उचलणे, ते तिरके धरणे, कुठे थांबायचे हे ठरवणे आणि पुढच्या कुंडीकडे वळणे अशी चार वेगळी कामे आहेत. भांडे पेलत नसेल तर ते अर्धेच भरावे. कुठे थांबायचे ते कळत नसेल तर एका कुंडीपुरतेच पाणी मोजून द्यावे. दोन्ही एकदम बदलले तर नेमके कशामुळे जमले याचा पत्ता लागत नाही. दहापैकी सात-आठ वेळा जमू लागले की पुढे जावे. दहाच्या दहा वेळा जमणारे काम रोज दिले तर रुग्ण जांभया देतो. तीन-चार वेळाच जमले तर दुसऱ्या दिवशी तो ‘डोके दुखते’ म्हणून टाळतो.

मदत किती करावी, याचे उत्तर बोशिया या खेळाच्या नियमांत चांगले सापडते. १९८४ पासून पॅरालिम्पिकमध्ये असलेला हा खेळ बसून खेळतात. सहा लाल, सहा निळे आणि एक पांढरा असे चेंडू, प्रत्येकी सुमारे २७५ ग्रॅम वजनाचे. पांढऱ्याच्या जास्तीत जास्त जवळ आपला रंग न्यायचा. ज्यांना चेंडू फेकता येत नाही ते रॅम्पवरून, म्हणजे उतरत्या पन्हळीवरून, तो सोडतात आणि रॅम्प हलवायला एक सहायक असतो. या सहायकाने मैदानाकडे पाठ करूनच बसायचे, असा नियम आहे. रॅम्प किती वळवायचा, चेंडू किती उंचीवरून सोडायचा, हे सगळे खेळाडूने ठरवायचे. वॉर्डात नेमके उलटे चालते: मदतनीस रंग निवडतो, ब्रश बुडवतो, रुग्णाचा हात धरून फिरवतो आणि ते चित्र रुग्णाच्या नावाने भिंतीवर लागते.

खेळ उपचारात आणणे ही काही कालपरवाची टूम नाही. इंग्लंडमधील स्टोक मँडव्हिल रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमान यांनी २९ जुलै १९४८ रोजी, म्हणजे लंडन ऑलिम्पिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, १६ जखमी सैनिक स्त्री-पुरुषांची तिरंदाजी स्पर्धा भरवली. पॅरालिम्पिकचे मूळ तिथले. धनुष्य ओढताना खांदे, दंड आणि बसल्या जागी धडाचा तोल या तिन्हींचा कस लागतो, हे लक्षात घेतले म्हणजे तिरंदाजीची निवड किती विचारपूर्वक होती ते कळते.

सुरक्षिततेबाबत मात्र या व्यवसायातले उत्साही लोक कच्चे राहतात. छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्याच्या वर मज्जारज्जूला इजा असलेल्या व्यक्तीचे खेळताना अचानक डोके ठणकू लागले, चेहरा लाल झाला, घाम फुटला, तर ‘दमले असतील’ म्हणून आडवे करू नये. रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत चढत असू शकतो. ताठ बसवून पाय खाली सोडावेत, पट्टे आणि कपडे सैल करावेत, लघवीची नळी मुडपली आहे का, पिशवी भरली आहे का ते बघावे आणि त्याच क्षणी वैद्यकीय मदत बोलवावी. बागकाम सगळ्यांना मानवते ही अशीच एक भाबडी समजूत. अवयव प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबून ठेवलेल्या रुग्णाला मातीतली बुरशी महागात पडू शकते, त्यामुळे डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुंडीपाशी बसवू नये. मनोरुग्ण विभागात कात्र्या आणि सुया सत्राआधी मोजाव्यात, नंतर मोजाव्यात आणि आकडा जुळेपर्यंत खोलीचे दार उघडू नये.

स्मृतिभ्रंश असलेल्यांचा गट चार ते सहा जणांचाच हवा. वेळ ३० ते ४० मिनिटे, रोज तीच जागा, टीव्ही बंद, आणि शक्यतो सकाळी, कारण दिवस कलू लागला की अनेकांची बेचैनी वाढते. पंचवीस जणांना हॉलमध्ये बसवून माइकवरून खेळ घेणे हे उंटावरून शेळ्या हाकणे झाले. लहान मुलांची रंगवही समोर ठेवणे तर त्याहून वाईट. स्मरण गेले तरी मान-अपमान कळतो.

सत्र संपल्यावरची नोंद पाच मिनिटांची असते, पण व्यवसायाची पत तीवर ठरते. ‘सहभागी झाले, आनंद घेतला’ हे वाचून डॉक्टर पान उलटतात. ‘२२ मिनिटे बसले; डावीकडे बघण्यासाठी तीनदा सांगावे लागले, मागच्या वेळी सातदा’ असे लिहिले की त्यावर उपचारांच्या बैठकीत बोलणे होते. रोजची कामे पुन्हा करायला शिकवणाऱ्या ऑक्युपेशनल थेरपिस्टशी कामाची सीमा कुठे, हा वादही अशा नोंदींनी बराचसा मिटतो.

शिकू इच्छिणाऱ्यांसाठी थोडक्यात: अमेरिकेत १९८१ पासून या व्यवसायाची राष्ट्रीय प्रमाणन परिषद आहे, आणि तिथल्या शिक्षणक्रमातून तिच्या परीक्षेला बसायचे तर किमान १४ आठवड्यांची, ५६० तासांची इंटर्नशिप लागते. कुठल्याही देशात इंटर्नशिपची जागा निवडताना एकच प्रश्न विचारावा: इथला थेरपिस्ट रुग्णाचे ध्येय स्वतः लिहितो का? उत्तर ‘नाही’ असेल तर तिथे सजावटच शिकायला मिळेल. रुग्णालय चालवणाऱ्यांनीही समारंभांची जबाबदारी या थेरपिस्टच्या गळ्यात मारणे थांबवावे. तो वेळ रुग्णाला घरी सोडण्याआधी बाहेर नेण्यासाठी हवा असतो. वाचनालयात जायचे ठरले तर दारापाशी चाकाच्या खुर्चीसाठी असलेल्या रॅम्पचा चढ बारा फुटांमागे एक फुटापेक्षा जास्त तर नाही ना, दारातून चाकाची खुर्ची जाते का, स्वच्छतागृह कोणत्या मजल्यावर आहे, हे थेरपिस्टने आदल्या दिवशी जाऊन बघावे. पण प्रत्यक्ष जाताना हे सगळे प्रश्न रुग्णानेच फोन करून, विचारून सोडवावेत. थेरपिस्टने दोन पावले मागे चालावे.

या व्यवसायाची खरी फजिती अशी की उपचार लागू पडला की नाही ते रुग्णालयात कळतच नाही. ते कळते घरी. म्हणून रुग्ण गेल्यावर दोन आठवड्यांनी आणि तीन महिन्यांनी फोन करण्याची पद्धत ठेवावी. ‘कसे आहात?’ विचारले तर ‘बरे आहे’ हेच उत्तर येणार. ‘मागच्या आठवड्यात कोणत्या दिवशी, कुठे गेलात, सोबत कोण होते?’ असे विचारावे. उत्तर ‘कुठेच नाही’ असे आले तर कारण खोदून काढावे. पुष्कळदा ते अगदी साधे निघते. ने-आण करणाऱ्याची वेळ बदललेली असते, पत्ते धरायची लाकडी पट्टी वॉर्डातच राहिलेली असते, किंवा आता एकट्याने जायचे नाही असे घरच्यांनी ठरवून टाकलेले असते. पहिल्या दोन गोष्टी एका फोनवर मार्गी लागतात. तिसरीसाठी घरच्यांना बोलावून घ्यावे आणि रुग्ण काय काय करू शकतो ते सांगत बसण्यापेक्षा त्यांच्यासमोर त्याला करू द्यावे.

आपला,
एक रिक्रिएशनल थेरपिस्ट