वीस मार्कांचं लिसनिंग कुणी ऐकलंय का?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पत्र जरा लांबलंय, कापून छापलं तरी चालेल पण मधला लिसनिंगचा भाग तेवढा कापू नका ही विनंती.

मी बार्शीत घरीच दहावी-बारावीचे इंग्रजीचे क्लास घेते, संध्याकाळी बँकिंगची तयारी करणारी पाच-सहा मुलं पण असतात. परीक्षा जवळ आल्या की आपल्या पेपरात इंग्रजीची पुरवणी येते, ग्रामरचे नियम, नमुना उत्तरं, पत्रलेखन वगैरे. मुलं ती कात्रणं वहीत चिकटवतात आणि दर वर्षी एक तरी मूल विचारतंच की मॅडम यात लिसनिंगचं काहीच का नाही. मी काय सांगणार, पेपर वाचायचा असतो, ऐकायचा नसतो असं म्हणून वेळ मारून नेते. पण खरं सांगायचं तर आपल्याकडे इंग्रजीचा सगळा सरावच डोळ्यांनी चालतो, कान कुणी वापरतच नाही, आणि माझ्या मते मुलांचं ग्रामर सुद्धा तिथंच अडतं.

दहावीच्या इंग्रजीला ८० मार्क लेखी आणि २० शाळेकडचे, त्यात ऐकणं-बोलणं तपासायचं असतं. कागदावर ही सोय चांगलीच आहे. पण प्रत्यक्षात काय होतं ते सगळ्या पालकांना माहितीये. आमच्याकडच्या एका शाळेत (नाव घेत नाही, बहुतेक ठिकाणी हेच) सरांनी एक उतारा भराभर वाचला, मग उत्तरं फळ्यावर लिहिली आणि पोरांनी उतरवून घेतली, झाली लिसनिंग टेस्ट. सगळ्यांना १८-१९ मार्क. मी सरांना दोष देत नाही, एका वर्गात साठ-सत्तर पोरं, स्पीकर नाही, असला तर लाईट नाही, आणि मार्क कमी दिले की पालक दारात. पण पोराला वाटतं आपलं ऐकणं झालं, ते काही झालेलं नसतं.

हे बिंग फुटतं फार उशिरा. माझ्या भाचीचंच सांगते. नर्सिंग झालेलं, पुण्यात चार वर्षं नोकरी, इंग्लंडला जायचं मनात होतं. तिकडच्या नर्सिंग कौन्सिलला आयईएलटीएस (परदेशी जाणाऱ्यांना द्यावी लागते ती इंग्रजीची परीक्षा) मध्ये रीडिंग, लिसनिंग, स्पीकिंगला ७ बँड (म्हणजे त्या परीक्षेतले गुण) लागतो आणि रायटिंगला साडेसहा. मुलगी हुशार, बारावीला इंग्रजीत ऐंशीच्या वर, ग्रामर एकदम पक्कं, पॅसिव्ह व्हॉईस झोपेत करेल. पहिली मॉक टेस्ट दिली तर लिसनिंगला ४० पैकी १६. ७ बँडला साधारण ३० बरोबर यावे लागतात. फोनवर रडायलाच लागली, म्हणे मावशी ते लोक बोलतात ते मला कळतं पण लिहीपर्यंत पुढं गेलेले असतात.

तिच्यासोबत मी पण ते ऐकायला बसले तेव्हा माझेच डोळे उघडले. रेकॉर्डिंग एकदाच वाजतं, परत नाही. चार भाग, दर भागाला दहा प्रश्न, पहिला भाग म्हणजे साधं बोलणं असतं, कुणीतरी फोन करून खोली भाड्याने घेतंय किंवा एखाद्या कोर्सला नाव नोंदवतंय, आणि शेवटचा भाग कॉलेजातल्या लेक्चरसारखा. वाटतं पहिला भाग सोपा. पण तिथंच नाव अक्षर अक्षर सांगतात आणि आपल्या पोरांचं ए, ई आणि आय यात गडबडतं, फोन नंबर मध्ये शून्याला झिरो न म्हणता ओ म्हणतात, डबल सेव्हन म्हणतात, थर्टीन आणि थर्टी मधला फरक तर बराचसा जोर कुठं दिलाय त्यावर. आणि बोलणारा माणूस आधी म्हणतो बुधवारी येतो, मग म्हणतो नाही सॉरी, गुरुवारी. आपलं पोर बुधवार लिहून मोकळं झालेलं असतं! शिवाय स्पेलिंग चुकलं की मार्क गेला, ॲकोमोडेशन या शब्दात दोन सी आणि दोन एम असतात हे भाचीला आता मरेपर्यंत विसरायचं नाही. कागदावर परीक्षा दिली तर शेवटी उत्तरं नीट उतरवायला दहा मिनिटं मिळतात, कॉम्प्युटरवर दिली तर फक्त दोन. तिने कॉम्प्युटरवर दिली.

आता कुणी म्हणेल परदेशी जाणाऱ्यांचं काय घेऊन बसलाय, आमच्या पोराला तलाठी नाहीतर बँकेत लागायचंय. बरोबर आहे. पण मला जे म्हणायचंय ते ग्रामरबद्दलच आहे, ऐका जरा.

आमच्या लहानपणी बाई डिक्टेशन द्यायच्या. आता ते मागास समजतात, पण मी दोन वर्षांपूर्वी क्लासमध्ये परत चालू केलं. रोज फक्त पाच वाक्यं, मोबाईलवर रेकॉर्ड केलेली, दोनदा ऐकवते. पहिल्या दिवशी वाक्य होतं, ही आस्क्ड मी व्हेअर आय लिव्ह्ड. वीस पोरांपैकी सतरा जणांनी आस्कला ईडी लावलाच नाही! आणि हीच पोरं त्याच आठवड्यात इनडायरेक्ट स्पीचच्या चाचणीत पैकीच्या पैकी मार्क घेऊन बसलेली. कारण काय तर आपल्याकडे वर्गात वर्क-एड, लुक-एड असं वाचायची सवय, खऱ्या बोलण्यात मात्र ते वर्क्ट, लुक्ट असं एका झटक्यात येतं आणि शेवटचा ट पुढच्या शब्दाला चिकटून गायब होतो. कानाला ऐकू आला नाही म्हणून हाताने लिहिला नाही. मग मी म्हटलं ऐकू नाही आलं तर डोकं लावा, पुढं लिव्ह्ड आहे म्हणजे मागं काय पाहिजे? तेव्हा पोरांच्या लक्षात आलं की नियम हा फक्त रिकाम्या जागा भरायला नसतो, कानाने सोडलेलं ग्रामरने भरून काढता येतं.

उलटंही तसंच होतं. अ (a) आणि ॲन (an) चा नियम घ्या. सगळ्या गाईडात लिहिलेलं असतं की ए, ई, आय, ओ, यू च्या आधी ॲन. मग पोरगं ॲन युनिव्हर्सिटी लिहितं आणि अ आवर लिहितं. नियम अक्षराचा नाहीच, उच्चाराचा आहे. युनिव्हर्सिटी तोंडाने म्हटलं की य येतो म्हणून अ, आवर मध्ये एच मुका म्हणून ॲन, आणि एम हे अक्षर व्यंजन असलं तरी एमएलए म्हणताना सुरुवात ए ने होते म्हणून ॲन एमएलए. एकदा मोठ्याने म्हणायला लावलं की पाच मिनिटात कळतं, नुसतं लिहून पाठ केलं तर पोर एमपीएससी पर्यंत चुकत राहतं.

सिन्स आणि फॉर चा घोळ मात्र कानाचा नाही, तो आपल्या मराठीचा आहे. आपण सकाळपासून पण म्हणतो आणि दोन तासांपासून पण म्हणतो, दोन्हीकडे पासूनच. इंग्रजीत पहिल्याला सिन्स, दुसऱ्याला फॉर. शिवाय आपण मी इथे पाच वर्षांपासून राहतो असं वर्तमानकाळात म्हणतो म्हणून आय एम लिव्हिंग हिअर सिन्स फाईव्ह इयर्स असं अगदी आत्मविश्वासाने बाहेर पडतं, इंजिनिअर लोकांच्या तोंडून सुद्धा. गाईडवाले सिन्सला पॉइंट ऑफ टाईम आणि फॉरला पिरियड ऑफ टाईम असं छापतात, पोरं तेवढं पाठ करतात, पण आपल्या मराठीत दोन्हीला एकच शब्द आहे म्हणून गडबड होते एवढी साधी गोष्ट कुणी सांगत नाही. तसंच डिस्कस अबाउट, आपण एखाद्या गोष्टीबद्दल चर्चा करतो ना म्हणून तो अबाउट घुसतो. मराठी शिकवणाऱ्या बाई आणि इंग्रजी शिकवणारे सर एकाच स्टाफरूममध्ये बसतात, कधी बोलतात का यावर देव जाणे.

वाचनाबद्दल थोडंसंच लिहिते, कारण त्यावर बरेच जण लिहितात. माझ्या बँकिंगवाल्या मुलांना प्रिलिमला (पूर्वपरीक्षेला) इंग्रजीचे ३० प्रश्न २० मिनिटात सोडवायचे असतात, चुकलं की पाव मार्क कापतात. उताऱ्यात एक शब्द अडला की गाडी तिथंच बंद पडते, कारण लहानपणापासून प्रत्येक शब्दाचा अर्थ वरती पेन्सिलने मराठीत लिहायची सवय लावलेली. मी त्यांना सांगते, अडलेला शब्द हा रस्त्यातला खड्डा समजा, वळसा घालून पुढं जा, परत येताना बघू. दुसरी खोड म्हणजे उताऱ्यात नसलेलं आपल्या मनाचं उत्तर देणं. आयईएलटीएस मध्ये ट्रू, फॉल्स आणि नॉट गिव्हन असे तीन पर्याय असतात, त्यात नॉट गिव्हन म्हणजे खरं असो की खोटं, उताऱ्यात दिलेलंच नाही. भाचीला आरोग्यावरचा उतारा आला की ती नर्स म्हणून उत्तर द्यायची आणि चुकायची, किल्ल्यांवरचा आला की बरोबर यायचं!

युपीएससी करणाऱ्यांनाही हे लागू आहेच. मुख्य परीक्षेतला इंग्रजीचा पेपर ३०० मार्कांचा, त्यात २५ टक्के मिळाले की झालं, ते मेरिटमध्ये धरत नाहीत. म्हणून पोरं त्याकडे बघत पण नाहीत. पण तेवढे पडले नाहीत तर बाकीच्या पेपरांचे मार्कच धरत नाहीत, वर्षाची मेहनत कपाटात.

आपल्या राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे आज दहावीला बसणारं पोर दहा वर्षं इंग्रजी शिकलेलं असतं. दहा वर्षात त्याने वर्गातल्या सरांशिवाय दुसऱ्या कुणाचं इंग्रजी ध्यान देऊन ऐकलंय का, एवढं एकदा पालकांनी घरी विचारून बघावं. मोबाईलवर दिवसभर रील्स ऐकतात ते ऐकणं नव्हे, खाली सबटायटल वाचत बसतात.

मी काय करते ते सांगते, फुकटातलं आहे. आकाशवाणीच्या रात्री ९ च्या इंग्रजी बातम्या मोबाईलवर लावायच्या, पहिली पाच मिनिटं पेन खाली ठेवून ऐकायचं, मग आठवतील तेवढ्या बातम्या मराठीत लिहायच्या, हो मराठीतच, कारण कळलंय का ते बघायचंय, लिहिता येतंय का ते नंतर. दुसऱ्या दिवशी पेपरमधली तीच बातमी शोधून ताडून बघायची. पहिले पंधरा दिवस पोरं कंटाळतात, निम्मी पळतात. टिकलेल्यांचं मात्र महिन्याभरात आकडे आणि नावं पकडणं सुधारतं. ब्रिटिश उच्चारांसाठी मग बीबीसी आणि ब्रिटिश कौन्सिलच्या शिकणाऱ्यांसाठीच्या मोफत रेकॉर्डिंग आहेत, छोट्या छोट्या, पण त्या नंतर, आधी आपल्या माणसांचं इंग्रजी ऐकू द्या. कॅन आणि कान्ट मधला फरक हा पहिल्या दिवशी कळत नसतो. ब्रिटिश माणूस नुसतं कन म्हणून पुढं जातो आणि नकार असला तरच कान्ट असं लांबवतो, आपण दोन्ही सारखंच दाबून म्हणतो म्हणून आपल्याला उलटंच ऐकू येतं. भाचीने एका उत्तरात पेशंटला जेवण देता येईल असं लिहिलं होतं, रेकॉर्डिंगमध्ये देता येणार नाही असं होतं. नर्सच्या बाबतीत ही मार्कांची गोष्ट राहत नाही.

तिचं पुढं काय झालं विचाराल तर सात महिने सकाळी ड्युटीला जाताना बसमध्ये आणि रात्री जेवताना ऐकत होती, दुसऱ्या प्रयत्नात लिसनिंगला साडेसात आला, रायटिंग मात्र सहावर अडकलंय, परत बसणार आहे.

आता आपल्याकडे मागणं एवढंच. पुरवणीत संभाव्य प्रश्न थोडे कमी छापा, आठवड्यातून एकदा एक उतारा छापा आणि उत्तरं त्याच पानावर उलटी न छापता पुढच्या आठवड्यात द्या, म्हणजे पोरं पान उलटं धरून वाचणार नाहीत. आणि आजकाल आपण राशिभविष्याखाली सुद्धा तो चौकोनी कोड छापता, स्कॅन केला की व्हिडिओ लागतो, तर तसाच एक कोड इंग्रजीच्या पानावर छापून त्यात दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग ठेवा, आपल्याच ऑफिसातल्या कुणीतरी वाचलेलं चालेल, साहेबी उच्चार नकोत. वाचताना एकदाच वाचा, आणि मध्ये कुठंतरी बुधवार म्हणून मग गुरुवार म्हणा.

आपली,
एक वाचक आणि क्लासवाल्या मॅडम, बार्शी

ता.क. मागच्या महिन्यातल्या पुरवणीत आर्टिकलच्या कोष्टकात ॲन युनिव्हर्सिटी असं छापून आलं होतं. माझी मुलं कात्रण घेऊन आली आणि मॅडम तुमचं चुकलं म्हणाली. दुरुस्ती छापलीत तर मला दाखवता येईल.